सुधारून आला होता ना, मग गेला कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. भावाला जाऊन आठ वर्षं झाली, तरी भेटेल तो हेच विचारतो: तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून चांगला सुधारून आला होता ना, मग गेला कसा?

सुधारून आला होता, म्हणूनच गेला.

हेरॉइन रोज टोचून घेणाऱ्याचं शरीर त्या मात्रेला सरावतं. नशा काही आठवडे बंद राहिली की हा सराव मोडतो, तलफ मात्र तशीच राहते. मग पूर्वी रोज पचायची तेवढीच मात्रा श्वास बंद पाडायला पुरते. तुरुंगातून सुटलेल्यांचा वॉशिंग्टन राज्यातला एक अभ्यास २००७ साली छापून आला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत जास्त मात्रेमुळे मरण्याचा धोका इतर लोकांच्या १२९ पट होता. हा आकडा मी नंतर वाचला. माझा भाऊ घरी येऊन अकराव्या दिवशी गेला.

त्या रात्री मी पाणी प्यायला उठले, तर त्याच्या खोलीतून घोरणं ऐकू आलं. जड, घशात पाणी अडकल्यासारखं. मध्येच बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एकदा. मला बरं वाटलं. आल्यापासून त्याला झोप नव्हती, रात्रभर येरझारा चालायच्या. म्हटलं, आज पोरगं गाढ झोपलंय. त्याच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून बाहेरचा दिवा मालवला आणि दार हलकेच ओढून घेतलं. सकाळी ओठ निळे पडले होते. हात लावला, तर गार.

ते घोरणं नव्हतं. त्याचा श्वास बंद पडत चालला होता. हाका मारायला हव्या होत्या, गदागदा हलवायला हवं होतं, उठत नाही म्हटल्यावर रुग्णवाहिका बोलवायला हवी होती. नॅलोक्सोन हे हेरॉइनचा परिणाम उतरवणारं औषध १९७१पासून वापरात आहे, वेळेवर दिलं तर काही मिनिटांत श्वास परत येतो. आमच्या घरात त्याचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. घोरणाऱ्या माणसाला कोण उठवतं हो? मला कसं कळणार होतं?

पण एक गोष्ट मला सांगितली गेली होती, आणि ती मी आजवर कुणापाशी बोलले नाही. केंद्रातून सोडताना डॉक्टर म्हणाले होते, ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सुरू करू, हेरॉइनच्याच जातीचं पण कमी धोक्याचं औषध आहे, तलफ आटोक्यात राहते, जिवाचा धोका कमी होतो. मीच नको म्हटलं. एक व्यसन सोडवून दुसरं लावायचं का, असं तोंडावर विचारलं त्यांना. घरी आल्यावर त्याला आईची शपथ घ्यायला लावली आणि वर सुनावलं, परत हात लावलास तर मला तोंड दाखवू नकोस. म्हणून त्याने लपून, एकट्याने घेतलं.

तेव्हाची मी अजून माझ्याशी भांडते. म्हणते, तीन महिने गोळीशिवाय काढलेच ना त्याने? काढले, पण कुलपाआड. ती म्हणते, गोळी घेऊनही माणसं घसरतात. घसरतात, तेही खरंच आहे. मग मला पुढे बोलता येत नाही.

डॉक्टरांनी त्यालाही विचारलं होतं. तो मान खाली घालून म्हणाला, "ताई म्हणेल तसं." त्याला स्वतःला काय हवंय, हे मी विचारलं नाही.