आमची वाटचाल: भोक न पाडता दागिना

मी मूळची हुपरीची. चांदीकाम घरातच होतं, पण रोमन नाण्यांशी गाठ पडली ती बर्मिंगहॅमला आल्यावर. इथल्या ज्युएलरी क्वार्टरमध्ये रोमन नाणी चांदीत मढवून दागिने करण्याचं आमचं छोटं वर्कशॉप आहे. नाणी मी निवडते, हिशेब हे बघतात.

रोमन नाणं म्हणजे लाखाची वस्तू, असं सगळ्यांना वाटतं. पण चौथ्या शतकातली कांस्याची नाणी इथे ढिगाने सापडतात. सॉमरसेटमधल्या फ्रोमला २०१० साली तर तिसऱ्या शतकातली ५२,५०३ नाणी एकाच रांजणात निघाली! त्यामुळे साधं नाणं काही पौंडांत मिळतं. आमच्याकडे पैसे पडतात ते हाताच्या कामाचे. अर्थात नाणं कुठून आलं याचा कागद लागतोच. कागद नसेल तर कितीही स्वस्त असो, घेत नाही.

आमचं सर्वाधिक खपणारं नाणं रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातलं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, दुसऱ्या बाजूला जुळ्यांना पाजणारी लांडगी आणि वर दोन तारे. आकार जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढा. ही नाणी हाताने ठोकलेली, काठ वेडेवाकडे. तयार कोंदण बसतच नाही. चांदीची पट्टी काठाभोवती वळवून माप घ्यायचं, मग नाणं बाजूला ठेवून कोंदण झाळायचं, कडी लावायची, पॉलिश उरकायचं. नाणं सगळ्यात शेवटी. भोक नाही, आच नाही, मागची बाजू उघडी. उद्या कुणाला काढून घ्यावंसं वाटलं तर नाणं जसंच्या तसं निघतं. पोपटी भुकटी धरलेलं नाणं आम्ही वापरत नाही, कारण तो कांस्याला लागलेला रोग असतो आणि दमट हवेत वाढतच जातो. जुना हिरवा-तपकिरी थर मात्र राखतो. "चकचकीत करून द्या" म्हणणाऱ्यांना सरळ नाही सांगते. थोडी गिऱ्हाइकं गेली, जाऊ देत.

कल्पना काही आमची नाही. रोमन लोक स्वतःच नाणी दागिन्यांत मढवत. आपल्या दक्षिणेत सापडलेल्या रोमन मोहरांवरही कित्येकदा सम्राटाच्या डोक्यावर दोन भोकं दिसतात, ओवून घालण्यासाठी.

चांदी ७.७८ ग्रॅमच्या वर गेली की इथे हॉलमार्क सक्तीचा. धातूची शुद्धता तपासून हॉलमार्क मारणारं, १७७३ पासूनचं ‘असे ऑफिस’ (Assay Office) जवळच आहे. कोंदण रिकामंच तिकडे जातं.

हल्ली इथल्या मराठी बायका पुतळ्यांच्या माळेसारखी रोमन नाण्यांची माळ मागतात. सारख्या आकाराची, सारख्या रंगाची नाणी जुळवता जुळवता वर्ष निघून जातं. तेवढं थांबायची तयारी असेल तरच मी ऑर्डर घेते.