डेटाबेसपाशी मन रमलं

तिसऱ्या वर्षापर्यंत वेबसाइट, ॲप, मशीन लर्निंग असं सगळंच थोडंथोडं करून पाहिलं, पण मन कशातच रमेना. मग प्रोजेक्टमध्ये एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, अडली. १० लाख ओळींच्या टेबलातून एक नाव शोधायला कित्येक सेकंद लागत होते. नावाच्या कॉलमवर इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी शोधयादी, टाकला, आणि एंटर दाबताक्षणी उत्तर समोर! इंडेक्स ज्या झाडासारख्या रचनेत ठेवतात ती बी-ट्री म्हणजे परीक्षेपुरती आकृती असं मी समजत होते. तीच इथे तीन-चार पायऱ्यांत नेमक्या ओळीपर्यंत पोचत होती. त्या रात्री, डेटाबेस क्वेरी कशी चालवतो ते दाखवणाऱ्या ‘एक्सप्लेन’ कमांडचं आउटपुट ओळ न् ओळ वाचत बसले. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी डेटा टेबलांत मांडायचं रिलेशनल मॉडेल १९७० साली मांडलं, आणि ते अजून टिकून आहे याचं मला फार अप्रूप वाटतं. आमच्या वर्गात डेटा इंजिनिअर, म्हणजे डेटा साठवायची-पुरवायची यंत्रणा उभारणारं कुणी, व्हायचंय असं कुणी म्हणत नाही. मी मात्र इंटर्नशिपचे अर्ज आता त्याच कामासाठी भरतेय.