रानफुलांची नोंदवही: एका फाइलमध्ये सगळे सडे आणि मिटलेली हेडिंगे

मंडळी, साताऱ्याच्या सड्यांवरच्या (खडकाळ पठारांवरच्या) फुलांच्या माझ्या नोंदी अखेर एकाच वर्ड फाइलमध्ये आल्या आहेत. कास, यवतेश्वर, ठोसेघर, चाळकेवाडी अशा जागेगणिक वेगवेगळ्या फायली होत्या. पावसाळ्याच्या आधी त्या एकत्र केल्या, आणि तेव्हापासून मांडणीचेच काम चालू आहे. आपल्यापैकी बरेच जण अशा नोंदी ठेवतात आणि फाइल मोठी झाली की तिचे तुकडे करतात. तुकडे करू नका, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

तुकड्यांत एक मोठे नुकसान होते. तेरडा कासला कधी फुलला आणि चाळकेवाडीला पवनचक्क्यांखाली कधी, हे शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय काही कळत नाही. जागेप्रमाणे फायली केल्या की एकच वनस्पती चार ठिकाणी विखुरते. म्हणून मी वनस्पतीला वरचा मान दिला आणि जागा तिच्या पोटात घातली. अडचण उरते ती लांबीची: फोटो, मापे, तारखा धरून अशी फाइल शेकडो पानांवर जाते. इथे वर्डची मिटणारी हेडिंगे कामाला येतात. वर्ड २०१३ पासून ही सोय आहे. हेडिंगवर माउस नेला की डावीकडे एक छोटा त्रिकोण दिसतो. त्यावर क्लिक केले की खालचा सगळा मजकूर मिटतो, पुन्हा केले की उघडतो. हेडिंग मिटलेले असेल तर त्रिकोण माउस नसतानाही दिसत राहतो.

चार पातळ्या, पाचवी नाही

माझी रचना अशी: हेडिंग १ म्हणजे कुळ, हेडिंग २ प्रजाती (जीनस), हेडिंग ३ जाती (स्पीशीज), हेडिंग ४ जागा. त्याखाली साध्या मजकुरात तारीखवार नोंदी. वर्ड नऊ पातळ्या देते, पण चारच्या खाली गेले की लिहिताना आपण कुठल्या पातळीवर आहोत हे आठवेनासे होते. तारखांना हेडिंग देण्याचा मोह होईल, तो टाळावा. तारीख ही वाचायची गोष्ट आहे, तिला मिटून ठेवण्यात काही अर्थ नाही.

अक्षरे ठळक आणि मोठी केली म्हणून हेडिंग होत नाही. वर्डला पातळी कळते ती स्टाईलमधून. पहिल्या तीन पातळ्यांसाठी कंट्रोल-आल्ट आणि १, २, ३ ही बटणे आहेत. चौथीसाठी तिसरी लावून आल्ट-शिफ्ट-उजवा बाण दाबला की हेडिंग एक पायरी खाली उतरते. देवनागरीसाठी स्टाईल एकदा नीट लावून घ्यावी लागते. फॉन्टच्या चौकटीत रोमन लिपीचा आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’चा फॉन्ट वेगवेगळा असतो, आकारही वेगवेगळा. आपल्या हेडिंगात मराठी नाव आणि शास्त्रीय नाव एकाच ओळीत येते, त्यामुळे दोन्हीकडे लक्ष द्यावे लागते. हेडिंग ४ मुळातच तिरके असते. तिरकी देवनागरी डोळ्याला खुपते, म्हणून तिथला तिरकेपणा काढून टाकला आणि शास्त्रीय नावांसाठी वेगळी अक्षरांची स्टाईल केली.

मिटण्याचा नियम मात्र पक्का लक्षात ठेवा, कारण सगळी मांडणी त्यावर उभी आहे. हेडिंग मिटले की त्याच किंवा त्याच्या वरच्या पातळीचे पुढचे हेडिंग येईपर्यंतचे सगळे त्याच्या पोटात जाते. हेडिंगचा भाग इथे संपला, असे सांगणारी दुसरी खूण वर्डमध्ये नाही. याचा परिणाम असा की कुळाविषयीची सामान्य टिपणे आपण सवयीने शेवटी लिहितो, ती शेवटच्या जातीच्या शेवटच्या जागेखाली जाऊन बसतात. युट्रिक्युलेरिया प्रजातीबद्दल जे सर्वसाधारण लिहायचे (मातीखालच्या सूक्ष्म फुग्यांत किडे पकडणे वगैरे), ते प्रजातीच्या हेडिंगखाली लगेच, पहिल्या जातीच्या आधी. सीतेची आसवे त्यानंतर. असे केले की जाती मिटून फक्त प्रजातीची ओळख वाचता येते, आणि नवख्या माणसाला तेच आधी हवे असते.

स्मिथिया या प्रजातीचे काम मला सर्वांत समाधानाचे वाटले. कासला लोक ज्याला मिकी माऊस म्हणतात तो कवला आणि त्याचे भाऊबंद असे बरेच आहेत, आणि लांबून सगळेच पिवळे. जातींची हेडिंगे मिटून एकाखाली एक ठेवली, प्रत्येक हेडिंगातच नावापुढे ओळखीची एक खूण लिहिली, की सड्यावर फोनमध्ये पाहताना तेवढीच यादी पुरते. पुढचे लागले तरच उघडायचे.

एका काकांच्या जुन्या नोंदी

आमच्या गटातल्या एका काकांनी त्यांच्या पूर्वीच्या नोंदींची फाइल दिली. निरीक्षण असे की हेवा वाटावा: फुलाचा रंग सकाळी काय आणि दुपारी काय, इथवर. फाइल मात्र युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. पानावर सगळे नीट दिसते. व्ह्यूमधून नेव्हिगेशन पेन (बाजूला हेडिंगांची यादी दाखवणारी पट्टी) उघडला की तिथे रोमन अक्षरांची खिचडी. कारण साधे आहे. त्या फायलींत साठवलेली अक्षरे देवनागरी नसतातच. फॉन्टमुळे ती तशी दिसतात आणि नेव्हिगेशन पेन स्वतःच्या फॉन्टमध्ये नावे दाखवतो. शोधातही ‘कारवी’ टाइप केले तर काही सापडत नाही. त्यामुळे आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मगच हेडिंगे. रूपांतरानंतर रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांखालून घालावीच लागते, ती दोन हमखास सरकतात.

काकांनी प्रत्येक वनस्पतीसाठी टेबल केले होते आणि वनस्पतीचे नाव पहिल्या चौकटीत होते. टेबलातली हेडिंगे नेव्हिगेशन पेनमध्ये येत नाहीत, मजकूर चौकटीतली म्हणजे टेक्स्ट बॉक्समधलीही नाहीत. म्हणून नावे टेबलाच्या वर काढली आणि टेबल खाली तसेच ठेवले. टेबल हेडिंगबरोबर व्यवस्थित मिटते. फोटोंचे म्हणाल तर ते ‘मजकुराच्या ओळीत’ ठेवले आहेत, तरंगते नाहीत, म्हणजे हेडिंग हलवले की फोटो त्याच्या मागोमाग जातो.

फाइल जुन्या डॉक स्वरूपात असेल तर आधी डॉक्सएक्समध्ये बदलून घ्या. कम्पॅटिबिलिटी मोडमध्ये त्रिकोण मिळत नाहीत.

लिलिएसीची वाटणी

हे काम मी मुद्दाम राखून ठेवले होते, कारण मांडणीची खरी परीक्षा इथेच होती. जुन्या वनस्पतिग्रंथांवर वाढलेले आपण कळलावी, दीपकाडी, क्लोरोफायटम, इफिजेनिया सगळे लिलिएसीत लिहीत आलो. डीएनएवर आधारलेल्या एपीजी (अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप) वर्गीकरणाने ते कुळ फोडले. त्याची पहिली आवृत्ती १९९८ ची, चौथी २०१६ ची. त्यानुसार कळलावी आणि इफिजेनिया कोल्चिकेसीत, दीपकाडी आणि क्लोरोफायटम अ‍ॅस्परॅगेसीत जातात. कागदी वहीत हे करायचे म्हणजे पाने फाडून पुन्हा चिकटवणे.

फाइलमध्ये कोल्चिकेसी आणि अ‍ॅस्परॅगेसी ही दोन नवी हेडिंग १ लिहिली. मग नेव्हिगेशन पेनमध्ये ‘डिपकॅडी’ हे प्रजातीचे हेडिंग धरले आणि ओढून अ‍ॅस्परॅगेसीखाली सोडले. जाती, जागा, तारखा, फोटो सगळा संसार त्याच्याबरोबर गेला. नेव्हिगेशन पेनमधले त्रिकोण आणि पानावरचे त्रिकोण वेगळे आहेत, एकीकडे मिटले म्हणून दुसरीकडे मिटत नाही. त्याचा फायदा असा की पान उघडे ठेवून बाजूला फक्त सांगाडा पाहता येतो.

मोठी उलथापालथ असेल तर मी आउटलाइन व्ह्यू वापरते: आल्ट-कंट्रोल-ओ. तिथे आल्ट-शिफ्ट-१ दाबले की फक्त कुळे, आल्ट-शिफ्ट-२ ला प्रजातींपर्यंत, आल्ट-शिफ्ट-ए ला सगळे. आल्ट-शिफ्ट आणि वरखाली बाणांनी मिटलेली प्रजाती पोटातल्या मजकुरासकट उचलून हलवता येते. तुतारीला मी असेच स्क्रोफुलॅरिएसीतून ओरोबँकेसीत नेले. शेजारच्या वनस्पतींच्या मुळांतून पोषण घेणारी ती वनस्पती, ओरोबँकेसीत अशीच परजीवी मंडळी आहेत. जुन्या कुळाचे नाव तिच्या हेडिंगखाली पहिल्याच ओळीत लिहून ठेवले, म्हणजे जुने ग्रंथ पाहणाऱ्याला दुवा मिळतो.

इथे एक गोष्ट गांभीर्याने सांगते. मिटलेले हेडिंग निवडून डिलीट केले तर आतले न दिसणारे सगळेही जाते. आणि जे दिसतच नव्हते ते गेल्याचे लगेच लक्षातही येत नाही. वर्गीकरण बदलताना आधी फाइलची प्रत काढावी आणि काही पुसायचे असेल तर आधी उघडून मगच पुसावे.

इतरांना द्यायची प्रत

फाइल बंद करून पुन्हा उघडली की वर्ड सगळी हेडिंगे उघडी दाखवते. आपण मिटून ठेवली होती याचा त्याला विसर पडतो. ते टाळायचे तर हेडिंगवर कर्सर ठेवून पॅराग्राफची चौकट उघडायची आणि ‘कोलॅप्स्ड बाय डिफॉल्ट’वर खूण करायची. मी हे फक्त कुळांना आणि तेही वाटायच्या प्रतीत केले आहे. फाइल उघडली की कुळांची यादी समोर येते आणि ज्याला जे हवे ते तो उघडतो. कामाच्या प्रतीत ही खूण नको, तिथे रोज हात लागतो. तात्पुरते सगळे मिटायचे तर हेडिंगवर राइट क्लिक करून ‘एक्स्पांड/कोलॅप्स’मध्ये ‘कोलॅप्स ऑल हेडिंग्ज’ आहेच. छापायचे किंवा पीडीएफ काढायचे तर आधी तिथूनच सगळे उघडून घेते आणि पूर्वदर्शनात पाने पाहते.

सांगलीची एक मैत्रीण लिबरऑफिस वापरते. त्याच्या ७ मालिकेत रायटरमध्ये हेडिंगे मिटायची सोय आली आहे. ऑप्शन्समध्ये रायटरच्या व्ह्यू पानावर आउटलाइन फोल्डिंगची खूण करावी लागते. तिथला नॅव्हिगेटर एफ-५ ने उघडतो. गूगल डॉक्सवाल्यांनी फाइल पेजलेस (पानांच्या सीमा नसलेली) करावी, त्यात हेडिंगांना बाण मिळतात.

सध्या कुठवर

द्विदल वनस्पतींची कुळे बसली. एकदलांतला वायतुरा साताऱ्याचेच नाव मिरवतो, अ‍ॅपोनोजेटॉन सातारेन्सिस. त्याच्या कुळात आपल्या सड्यावरच्या नोंदी त्या एकाच जातीच्या, त्यामुळे तीन हेडिंगे एकाखाली एक आणि मग जागा. दिसायला ते विचित्र आहे, पण पातळी गाळली की आउटलाइनमध्ये तो भलत्या जागी दिसतो. म्हणून तसेच ठेवले आणि तुम्हीही ठेवा. टोपली कारवी सात वर्षांनी फुलणारी. तिच्या हेडिंगखाली फुलोऱ्याच्या वर्षांसाठी एक वेगळे टेबल केले आहे आणि मधल्या वर्षांत झुडपांची वाढ तेवढी लिहायची असे ठरवले आहे.

गेंद (इरिओकॉलॉन) आणि गवते बाकी आहेत. गवतांत हेडिंगात ओळखीची खूण एका ओळीत मावत नाही, तिथे काय करावे हे अजून ठरत नाही. कणसाचा आकार लिहावा की कुसाची लांबी? ज्यांनी गवतांच्या नोंदी नीट लावल्या आहेत त्यांनी आपली हेडिंगे कशी लिहिली ते कळवावे. आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंतच्या चाळकेवाडीच्या नोंदी कोणाकडे असतील तर द्या. युनिकोडमध्ये नसल्या तरी चालतील, टेबलांत असल्या तरी चालतील. प्रत्येक नोंदीपाशी तारीख आणि सड्याचे नाव तेवढे असू द्या, जागेच्या हेडिंगखाली त्या मी बसवते.