नॉटपेड जाहीरनामा

फिजिक्स शिकवताना प्रकाशाचं वक्रीभवन आलं, की मी वर्गात एच. जी. वेल्सची १८९७ सालची ‘द इनव्हिजिबल मॅन’ ही कादंबरी सांगायचो. त्यातला ग्रिफिन हा शास्त्रज्ञ औषध घेऊन, शरीराचं वक्रीभवन हवेइतकं करून अदृश्य होतो. तेव्हाची मुलं आज लग्नाकार्यात भेटली तरी विचारतात, “सर, तो ग्रिफिन औषधामुळे वेडा झाला, की ताकद डोक्यात गेली म्हणून?” तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगतो.

औषधाने डोकं फिरतं ते १९३३च्या चित्रपटात. वेल्सने असा सोपा गुन्हेगार दिलेला नाही. आणि ताकद म्हणाल, तर ती हाती यायच्या आधीच ग्रिफिनने प्रयोगासाठी वडिलांकडचे पैसे चोरले होते. पैसे वडिलांचे नव्हते, दुसऱ्याचे होते. वडिलांनी स्वतःला गोळी घातली. हा अंत्यविधीला गेला आणि याला काडीचं वाईट वाटलं नाही. म्हणजे माणूस मुळातच तसा.

मग अदृश्य होऊन मिळालं काय? जानेवारीतलं लंडन, अंगावर कपडा नाही, कारण कपडे दिसतात. गर्दीत लोक धडकतात. कुत्र्यांना वास येतो. चिखलाच्या पावलांवरून दोन पोरं माग काढतात. खाल्लेलं पचेपर्यंत पोटात दिसत राहतं, त्यामुळे चारचौघांत घासही घेता येत नाही. शेवटी ज्याला कुणी पाहू नये म्हणून एवढा खटाटोप, तोच आयपिंग गावात चेहऱ्यावर बँडेज गुंडाळून, खोटं नाक लावून, लॉजच्या मालकिणीशी बिलावरून हुज्जत घालत बसतो.

(खरं तर त्याला काही दिसायलाही नको होतं. डोळ्याच्या पडद्याने प्रकाश शोषलाच नाही, तर चित्र उमटणार कुठे? वेल्सला हे ठाऊक असावं. ग्रिफिनने आधी ज्या मांजरीवर प्रयोग केला, तिच्या डोळ्यांचा मागचा भाग वेल्सने दिसता ठेवलाय.)

माझ्या मते ग्रिफिनचं डोकं फिरतं ते इथे. ताकद मिळाल्याने नव्हे, ती कुचकामी निघाल्याने. आपण मूर्ख ठरलो हे कबूल करणं त्याच्या रक्तात नाही. कॉलेजपासूनच्या ओळखीच्या डॉक्टर केम्पच्या घरी तो स्वतःच हिशेब मांडतो : अदृश्यपणा दोनच कामांचा, निसटायला आणि गुपचूप जवळ जायला, म्हणजेच खून करायला. एवढंच उरलं, तर मग त्याचंच राज्य करू!

आणि राज्य कसं सुरू होतं पाहा. पोर्ट बर्डॉक (केम्पचं गाव) यापुढे राणीच्या अंमलाखाली नाही, आज नव्या युगाच्या पहिल्या वर्षाचा पहिला दिवस, मी अदृश्य मानव पहिला, असा जाहीरनामा तो केम्पला धाडतो. तेलकट कागदावर, पेन्सिलीने खरडलेला. दुपारी एकच्या डाकेने येतो, केम्प जेवायला बसलेला असताना. पत्र नॉटपेड, म्हणजे टपालाचे पैसे घेणाऱ्याने भरायचे. वर शिक्का हिंटनडीनचा, आणि शेरा : दोन पेन्स येणे.