संत्र्याची साल, जिन आणि कडू-गोडाचा तोल

जिन, कॅम्पारी (लाल, कडू इटालियन मद्य) आणि तांबडे गोड व्हर्मुथ (वनस्पतींनी सुगंधित केलेली वाइन) समप्रमाणात घेऊन केलेले नेग्रोनी हे कडू-गोड कॉकटेलांमध्ये बहुधा सर्वांत प्रसिद्ध असून, ते १९१९ च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये काउंट कामिल्लो नेग्रोनी यांच्यासाठी प्रथम तयार झाले, असे सांगितले जाते. मला स्वतःला मात्र हे समप्रमाण जड वाटते. कॅम्पारी कडू असली तरी तिच्यात आणि व्हर्मुथमध्ये साखरही पुष्कळ असते. त्यामुळे तिन्ही ३०-३० मिलिलिटर घेतले की जिनला तिचा मूळ वास देणाऱ्या ज्युनिपर फळांचा आणि संत्र्याचा वास त्या दाट गोडीखाली दबून जातो. म्हणून मी संत्र्याची साल मुरवलेली जिन ४०, व्हर्मुथ २५ आणि कॅम्पारी २० मिलिलिटर असे प्रमाण ठेवते.

संत्र्याची चव हवी म्हणजे रस घालावा, असे साहजिकच वाटते. पण या पेयात रस घालू नये, असे माझे ठाम मत आहे. हिवाळ्यात सांगलीच्या बाजारात येणाऱ्या नागपुरी संत्र्याचा रस प्यायला कितीही मधुर असला, तरी कॅम्पारीपुढे तो टिकत नाही आणि पेय नुसते पातळ होते. मोसंबीच्या रसाची अडचण निराळी आहे. तो काढून ठेवला की त्यातल्या मूळच्या बेचव घटकापासून आम्लामुळे लिमोनिन तयार होऊ लागते आणि रस हळूहळू कडवट होतो; या कडवटपणाला कॅम्पारीतल्या वनस्पतींसारखा सुगंध नसतो.

संत्र्याचा खरा वास सालीतल्या तेलात असतो, आणि हे तेल पाण्यात विरघळत नसले तरी मद्यार्कात चांगले उतरते. म्हणून एका संत्र्याची साल स्वच्छ धुऊन, पुसून, आतला पांढरा भाग चमच्याच्या कडेने खरवडून ती २०० मिलिलिटर साध्या ड्राय जिनमध्ये रात्रभर ठेवावी आणि सकाळी गाळून घ्यावी. पांढरा भाग राहिला तर जिभेला कोरडेपणा जाणवतो, त्यामुळे या कामात घाई करू नये. वरून पिळायच्या सालीसाठी मात्र मी मोसंबी घेते. संत्र्याची साल फुगीर आणि सैल असल्याने सोलाण्याने तिची पातळ पट्टी नीट निघत नाही. मोसंबीची साल घट्ट असते, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही युरोपातल्या गोड संत्र्याची जवळची नातेवाईक मोसंबीच आहे.

एवढे करूनही पेय कडू लागले तर साखरेचा पाक घालण्यापेक्षा तासगावचा बेदाणा वापरावा. गोड व्हर्मुथमध्ये सुक्या फळांची छटा मुळातच असते. तेव्हा मूठभर बेदाणा १०० मिलिलिटर व्हर्मुथमध्ये घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला की गोडी वाढते आणि ती उपरी वाटत नाही. मिठाच्या पाण्याचे दोन थेंबही कडवटपणा मवाळ करतात, मात्र खारट चव जाणवता कामा नये.

हे पेय शेकरमध्ये घुसळायचे नसून भरपूर बर्फावर अर्धा मिनिट शांतपणे ढवळायचे असते, म्हणजे ते गढूळ न होता थंड होते आणि त्यात साधारण २० मिलिलिटर पाणी उतरते. गारव्यात गोडी कमी जाणवते, त्यामुळे तोल बर्फावर ढवळल्यानंतरच चाखून ठरवावा. खोलीच्या उष्णतेवर नेमके लागलेले मिश्रण थंड झाल्यावर कडूकडे झुकते. मग नव्या बर्फाच्या मोठ्या खड्यावर ते गाळून मोसंबीची साल ग्लासावर पिळावी.

पाणी उतरल्यानंतरही या पेयात सुमारे २५ टक्के मद्यार्क राहतो, म्हणजे ते वाइनच्या जवळपास दुप्पट तीव्र असते. एका वेळी एकच ग्लास करावा, आणि तोही जेवणाआधी सावकाश प्यावा. उरलेल्या व्हर्मुथची बाटली घट्ट बंद करून फ्रिजमध्येच ठेवावी, कारण व्हर्मुथ मुळात वाइन आहे आणि कपाटात ठेवल्यास त्याची चव उतरत जाते.