पाहुण्यांना उकड का वाढता?

घरी जेवायला येणारी मंडळी मला हा प्रश्न नेहमी विचारतात. हल्ली बाजारात हवे ते मिळत असताना मी पाहुण्यांच्या पानात उकड, वरणफळे, मोकळ भाजणी, गुरगुट्या भात असे जुने आणि काहीसे आजारपणातले पदार्थ का वाढते? विचारणाऱ्याच्या सुरात बहुधा कौतुक असते, क्वचित हिचे लहानपण अजून सुटलेले नाही, अशी शंकाही असते. लहानपणाचा त्यात वाटा आहेच. पण केवळ तेवढ्यासाठी कोणी इतक्या वेळा शेगडीपाशी उभे राहत नाही.

माझ्या मते हे पदार्थ मागे पडले ते त्यांना थांबता येत नाही म्हणून. चवीत ते कशालाही हार जाणारे नाहीत. मिसळीचा कट सकाळीच करून ठेवता येतो, साबुदाण्याचे वडे मागणी येईल तसे तळता येतात, म्हणून उपाहारगृहांत त्यांची जागा पक्की झाली. उकडीला ती सोय नाही, शिवाय तिला रूपही नाही.

तांदळाच्या पिठाच्या उकडीला जिन्नस थोडे लागतात : वाटीभर पीठ, ताक आणि पाणी मिळून सुमारे तीन वाट्या, आले, लसूण, हिरवी मिरची, हिंग, हळद आणि मीठ. ताक चांगले आंबट हवे. गोड ताकाची उकड म्हणजे नुसती खळ, आणि याबाबत मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. पीठ ताकात गुठळी न राहील असे कालवून ते फोडणीच्या उकळत्या पाण्यात ओतावे आणि हात न थांबवता ढवळत राहावे, कारण तांदळातला स्टार्च उष्णतेने पाणी शोषून फुगतो आणि बघता बघता मिश्रण घट्ट होते. मग मंद आचेवर झाकण ठेवून दोन सणसणीत वाफा आणाव्यात, ताटलीत वाढल्यावर मधोमध खळगा करून त्यात कच्चे शेंगदाण्याचे तेल सोडावे. काही घरांत तूप घालतात, घालोत बापडे. या क्षणी खाणारा समोर बसलेला असावा लागतो, कारण गार होताना तोच स्टार्च पुन्हा आवळतो, उकडीचा गोळा होतो आणि ती पुन्हा गरम केली तरी पहिला मऊपणा येत नाही.

वरणफळांचेही बरेचसे तसेच. चिंच, गूळ आणि गोडा मसाला घातलेल्या पातळ, उकळत्या वरणात कणकेच्या पोळीचे शंकरपाळ्यांच्या आकाराचे तुकडे एकेक करून सोडायचे आणि शिजताच तूप घालून खायचे; रेंगाळलात तर फळे सगळे वरण पिऊन टाकतात.

याच्या उलट उदाहरण मेतकुटाचे आहे. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ आणि थोडे गहू वेगवेगळे खमंग भाजून, धणे, जिरे, मेथी, सुंठ, हिंग आणि हळद यांच्यासह दळले की ते महिनोन्‌महिने टिकते. म्हणून मेतकूट दुकानात मिळते, परदेशी निघालेल्यांच्या सामानातही जाते. ज्या भातासाठी ते जन्माला आले, तो सहापट पाण्यात शिजवून घोटलेला, तूपमीठ घातलेला गुरगुट्या भात मात्र कोणी पाकिटात भरून विकत नाही.

नाचणीच्या आंबिलीला २०२३ च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षाने थोडी प्रतिष्ठा मिळवून दिली, याचा मला आनंद आहे. तांदळाचेही असे वर्ष २००४ मध्ये होऊन गेले, परंतु उकडीला त्याचा काही लाभ झालेला माझ्या तरी पाहण्यात नाही.

हे सगळे पाहता, उकड वाढण्याची खरी जागा घर हीच आहे आणि ती घरी आलेल्या माणसालाच वाढता येते. पाहुण्यांना आवडते का, असेही तुम्ही विचारता. बहुतेकांना आवडते, काहीजण मात्र दोन घासांनंतर लोणचे मागतात, ते मी आधीच काढून ठेवलेले असते. माझी अट एकच आहे : फोडणी मी आधी करून ठेवीन, पण पीठ तुम्ही हातपाय धुऊन पाटावर बसल्याशिवाय पाण्यात पडणार नाही, आणि त्या दहा-बारा मिनिटांत कोणाचा फोन आला तर तो घ्यायचा नाही.