नुसतं 'अप्रतिम' नको

कुणी फोटो दाखवला की आपण 'वाह, अप्रतिम' म्हणून मोकळे होतो, पण त्यातून समोरच्याला काय कळणार? परवा एका मैत्रिणीने भिगवणचे फ्लेमिंगो दाखवले, सकाळचा कोवळा उजेड मस्त पकडलाय, ते आधी सांगितलंच, पण उडणाऱ्या पक्ष्याचं डोकंही हलून धूसर आलेलं, कारण शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं ते) फक्त १/२५० सेकंद, उडते पक्षी टिपायचे तर १/१६०० च्या आसपास ठेव म्हटलं, त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढला तरी चालेल, थोडा नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, परवडतो पण हललेला डोळा नाही. आणि पक्षी चाललाय त्या दिशेला जागा सोड, चोच पार कडेला टेकलीये! क्षितिज तिरकं आहे ते क्रॉप करताना सरळ होतं. 'कंपोझिशन (फोटोतली मांडणी) जमलं नाही' एवढंच बोलून गप्प बसणारे मला अजिबात पटत नाहीत, नेमकं कुठे ते सांगा ना.